कपलर काढून मोजलेले बारा व्होल्ट : सिम्युलेटरवर शिकलेली तुकडी आणि पुरात बुडालेली गाडी

आमच्या वर्कशॉपमधल्या सरावाच्या गाडीत बिघाड शोधायला मीटर लागत नसे. बॉनेट उघडायचं आणि वायरिंगवर नवी टेप कुठे चिकटवलीय ते बघायचं. दरवर्षी मी त्या गाडीत मुलांसाठी फॉल्ट पेरायचो. एखादी वायर कापायची, मध्ये बारीकसा स्विच लपवायचा, वरून काळी टेप गुंडाळायची. चार वर्षांत हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, वायर कमी आणि टेप जास्त अशी अवस्था झाली. मुलं काही वेडी नसतात. जुनी टेप धुळीनं राखाडी पडते, नवी चकाकते. चकाकणाऱ्या टेपेवर बोट ठेवून "सर, इथंच हाय" म्हणायची आणि दर वेळी बरोबर यायची. वहीत मात्र "मल्टिमीटरने तपासले असता" असं सुवाच्य अक्षरात लिहून आणायची.

त्या टेपेला कंटाळूनच मी सिम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर गाडीचे बिघाड शोधायला देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे लागलो.

मी कोकणातल्या एका सरकारी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहे. ट्रेड मेकॅनिक मोटर व्हेईकल, तोंडी एमएमव्ही. दहावीनंतर दोन वर्षांचा कोर्स, एका तुकडीत २४ जण. २४ जण आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) असलेली गाडी एक, त्यातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर एक. बॉनेटभोवती फार तर चार जण मावतात. पाचवा चौथ्याच्या खांद्यावरून डोकावतो, बाकीचे मोबाईल काढतात. त्यातही पुढे घुसणारे चार जण रोज तेच. या तुकडीत दोन मुली होत्या. त्यांना कुणी ढकलत नव्हतं, पण जागाही कुणी देत नव्हतं.

कार्ब्युरेटरच्या काळात एवढ्यावर भागत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं. बीएस-४ वरून पाचवी पायरी गाळून थेट सहाव्यावर. त्यानंतर साध्या मोटरसायकललाही फ्युएल इंजेक्शन बसलं. जेट साफ करून, पॉइंटचा गॅप लावून पोट भरणाऱ्या नाक्यावरच्या मेकॅनिकलाही आता सेन्सर, ईसीयू, वायरी जोडणारे कपलर यांच्याशी गाठ आहे. आमच्या मुलांचं हात चालवायचं शिक्षण ठीक होतं. डोकं कुठून चालवायला सुरुवात करायची, हे शिकवायला मला साधन नव्हतं.

सॉफ्टवेअर सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या, पैशातून मिळालं, एका वर्षाच्या परवान्यावर. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. या जातीची दोन-चार सॉफ्टवेअर बाजारात आहेत आणि सगळ्यांचा सांगाडा सारखाच. पडद्यावर एक पेट्रोल गाडी असते. तिला चावी देता येते, ॲक्सिलरेटर देता येतो. शेजारी टूलची पेटी : स्कॅनर, मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, वायरिंग डायग्राम. कुठल्याही कपलरवर जाऊन मोजता येतं, कुठलाही पार्ट बदलता येतो. प्रत्येक मोजणीला काही मिनिटं खर्ची पडतात, प्रत्येक पार्टला पैसे. शेवटी शंभरपैकी गुण.

संगणक आमचे नव्हते. संगणक शिकवणाऱ्या कोपा ट्रेडची लॅब दुपारी दोन ते चार मोकळी असे, ती मागून घेतली. १२ मशीन, एकेका मशीनवर दोघं. पहिला दिवस माऊसमध्ये गेला. हातात मोबाईल घेऊन वाढलेल्या मुलांना राइट क्लिक नावाची गोष्ट असते हेच माहीत नव्हतं, आणि सॉफ्टवेअरमध्ये निम्मी कामं राइट क्लिकवर. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे सगळं घोडं त्या राइट क्लिकपाशीच अडलं होतं आणि मला ते फार उशिरा दिसलं.

पहिले तीन आठवडे मी खूश होतो. पेरलेले फॉल्ट मी गाडीवर वर्षाला जेमतेम दहा-बारा दाखवू शकायचो. इथे एकेक जोडी दिवसाला तीन-चार सोडवायला लागली. क्रँक सेन्सर मेला की टॅकोमीटरचा काटा सेल्फ मारताना हलत नाही, कूलंट सेन्सरची वायर तुटली की ईसीयूला वाटतं इंजिन उणे चाळीस अंशांवर गारठलंय, सेन्सरांना जाणारी पाच व्होल्टची रेफरन्स लाइन कुठे बॉडीला चिकटून अर्थ झाली की एकाच वेळी तीन सेन्सर खोटं बोलायला लागतात. फळ्यावर सांगून जे डोक्यात शिरत नव्हतं ते मुलांनी स्वतःच्या बोटांनी घडवून बघितलं. फटका बसला तरी कुणाचा ईसीयू जळत नव्हता.

या कल्पनेचं मूळ गाड्यांमध्ये नाही. १९८०च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ॲलन लेसगोल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी हवाई दलासाठी 'शेरलॉक' नावाची प्रणाली केली. एफ-१५ विमानाचे इलेक्ट्रॉनिक भाग ज्या अवाढव्य यंत्रावर तपासतात, त्या यंत्रातच बिघाड झाला तर तो कसा शोधायचा, याचा ती सराव द्यायची. अडचण आमच्यासारखीच होती. अवघड बिघाड प्रत्यक्षात इतके क्वचित येतात की माणूस ते बघण्याआधी बदली होऊन जातो. शेरलॉकवर वीस-पंचवीस तास घालवलेले नवखे तंत्रज्ञ सुमारे चार वर्षं काम केलेल्यांच्या तोडीचे ठरले, असं तेव्हाच्या मूल्यमापनात नोंदलं गेलं. मी हे स्टाफरूममध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता सांगताना थोडा आवाज खाली येतो.

सिम्युलेटरवर सगळ्यात पुढे गेली ती मागे उभी राहणारी मुलगी. पडद्यापुढे खांदे आड येत नाहीत. डायग्राम वाचायची तिला चटक लागली. दुसरे पार्ट बदलत सुटायचे तेव्हा ती आधी रंगाच्या कोडवरून वायर कुठून कुठे जाते ते पेन्सिलनं काढायची. गुण बहुतेक वेळा नव्वदच्या वर. दुसऱ्या टोकाला एक मुलगा होता. संध्याकाळी मामाच्या गॅरेजवर काम करायचा, हात सोन्याचे, पण पडद्यावर त्याचं डोकं चालत नसे. "सर, ह्याचा आवाज येत नाय, वास येत नाय, कसा शोधू?" म्हणायचा. मी त्याला आळशी समजत होतो.

याच सुमारास आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्यांनी आपली गाडी वर्कशॉपला आणून लावली. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. तक्रार अशी : चिपळूणमध्ये, हायवेला, सपाटीवर गाडी छान चालते. कुंभार्ली घाट चढायला लागली की तिसऱ्या गिअरमध्ये धक्के देते, ॲक्सिलरेटर दाबला तरी उचलत नाही, कधी कधी इंजिनचा पिवळा दिवा लागतो. बाहेर प्लग बदलून झाले होते, एअर फिल्टर बदलून झाला होता, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली होती. गाडी ओढत नव्हतीच.

"पुरात होती का?" मी विचारलं. चिपळूण परिसरात जुन्या गाडीला हा प्रश्न आता ब्लडप्रेशर विचारल्यासारखा विचारतात. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा हिच्या सीटपर्यंत आलं होतं. नंतर आतून धुतली, सीट वाळवल्या, ऑइलं बदलली आणि गाडी चालू झाली. दोन वर्षं काही त्रास नाही. त्यामुळे तो विषय मीही तिथंच सोडला. गाडी मुलांना दिली : सिम्युलेटरवर शिकलात ना, आता दाखवा.

सुरुवात त्यांनी इतकी चांगली केली की मला अभिमान वाटला. आधीची कुठलीही तुकडी थेट प्लग काढायला धावली असती. यांनी स्कॅनर लावला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. कोड पडला त्या क्षणाची नोंद उघडली : इंजिन तीन हजारांच्या वर फिरत होतं आणि भार भरपूर होता. मग फ्युएल ट्रिम बघितला. ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवून देतोय त्याचा हा आकडा. आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना, अधिक ६. दोघं जण गाडी घेऊन चढावाला गेले, एक चालवतोय, एक स्कॅनर धरून. तिथे अधिक २४. मुलीनं वहीत लिहिलं : "आयडलला कमी, भाराखाली जास्त. म्हणून हवेची गळती नाही, पेट्रोल पुरत नाही." सिम्युलेटरमधल्या गाडीला हवा मोजणारा एमएएफ सेन्सर होता आणि हिला हवेचा दाब मोजणारा एमएपी, त्यामुळे गळतीचा नियम हिला जसाच्या तसा लागू होत नाही. पण भाराखाली आकडा चढतोय म्हणजे आधी पेट्रोलच्या वाटेवर संशय घ्या, एवढं दोन्हीकडे खरं. गेज लावून प्रेशर घेतलं. आयडलला ठीकठाक, रेस दिली की खाली बसत होतं.

म्हणजे संशयित दोन : पंप, नाहीतर पंपाला मिळणारी वीज. इथवर एका तासात. मी मागच्या बाकड्यावर चहा पीत बघत होतो.

पुढची पायरी त्यांनी पाठ केल्यासारखी केली. मागची सीट उचलली, टाकीवरचं झाकण काढलं, पंपाचा कपलर काढला. चावी दिल्यावर पंप फक्त दोनेक सेकंद चालतो, मोजायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून पंपाची वीज चालू-बंद करणारा रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरच्या पिनांना जंपर लावला. हेही सिम्युलेटरवरच शिकलेलं. मीटर लावला कपलरच्या दोन पिनांमध्ये. १२.४ व्होल्ट. अर्थची, म्हणजे बॉडीकडे परत जाणारी, वायर मीटरच्या बझरवर तपासली. बझर खणखणीत वाजला. "सर, सप्लाय ओके, अर्थ ओके. पंप गेलाय."

मी उठून आकडा बघितला, मान डोलावली आणि सहकाऱ्यांना पंप आणायला सांगितला. मुलांची चूक म्हणून हे खपवणार नाही. सही माझी होती.

नवा पंप बसला. गाडी घाटाच्या पायथ्याशी नेली. दुसऱ्या वळणावर तोच धक्का.

परत आलो तेव्हा कुणी बोलत नव्हतं. सीट उचललेलीच होती, इंजिन चालू. गॅरेजवाला मुलगा मागच्या दारातून आत वाकला आणि टाकीच्या झाकणाजवळ कान नेला. "सर, नवा पंप पण रडतोय." पंप चांगला असला की बारीक, एकसुरी गुणगुणतो. हा घोगरा आणि हळू वाजत होता. दोन वेगवेगळे पंप एकाच आवाजात रडतायत म्हणजे रडवणारा तिसराच कुणी आहे. त्याला कारण सांगता आलं नाही, पण कान खोटं बोलत नव्हते.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. कपलर लावलेलाच ठेवला आणि मीटरचे टोक मागून, वायर जिथे कपलरमध्ये शिरते तिथून, बारीक पिनेनं आत घातले. इंजिन चालू, पंप चालू. आकडा ९.६. बॅटरीवर त्याच वेळी १४.०. साडेचार व्होल्ट वाटेत गडप. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत मोजलं : ०.३. ठीक. पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत : ४.१. चांगल्या अर्थला इथे पॉइंट एक-दोनच्या वर काही दिसायला नको. फळा नव्हता म्हणून त्या मुलीनं गाडीच्या काचेवरच मार्करनं लिहिलं : १४.० = ०.३ + ९.६ + ४.१. बेरीज जुळली तसं तिचं तोंड उतरलं. तिला कळलं होतं.

अर्थची वायर धरून मागे गेलो. ती डाव्या बाजूला दाराच्या उंबऱ्याजवळ, कार्पेटखाली, बॉडीला स्क्रूनं लावलेली होती. कार्पेट ओढलं तर खाली वाशिष्ठीचा गाळ, वाळून पिठासारखा झालेला. गाडी धुतली होती, पण कार्पेटखाली कोण बघतो? स्क्रूचं डोकं लाल, लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीवर, हिरवट-पांढरी बुरशी, आणि लगजवळचं वायरचं आवरण तपकिरी पडलेलं. मी बोट लावलं आणि झटकन काढलं. लग तापला होता. हिशेब साधा आहे : पंप चारेक ॲम्पिअर घेतो, त्या गंजक्या सांध्यावर चार व्होल्ट जातात, म्हणजे पंपाच्या वाट्याचे सोळाएक वॅट तिथे नुसती उष्णता होऊन जात होते. सांध्याचा रेझिस्टन्स जेमतेम एक ओहम.

एक ओहमला बझर वाजतोच. वीस-तीस ओहमलाही वाजतो. वायर सलग आहे की तुटलीय एवढंच तो सांगतो. आणि कपलर काढून घेतलेले १२.४? चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण दहा मेगाओहम असतो. त्यातून जाणारा करंट इतका नगण्य की गंजक्या सांध्यावर काही पडतच नाही. घरच्या नळासारखं आहे हे. नळ बंद असताना पाइपात कितीही गाळ साचलेला असो, दाब पूर्ण भरतो. नळ सोडला की धार बारीक होते. आम्ही नळ बंद ठेवून दाब मोजला आणि पाइप स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

लग कापला, नवा दाबून बसवला, पत्रा पॉलिश पेपरनं उघडा केला, स्टार वॉशर घातला, वरून ग्रीस. अर्थच्या बाजूचा फरक ०.०८ वर आला, पंपाचा आवाज बदलला. कोड काढून गाडी घाटात नेली तर शेवटपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये गेली. नव्या पंपाचे पैसे मी दिले. चहाच्या वेळी ऑफिसात हा विषय अजून निघतो.

गाडीचं प्रकरण इथे संपलं, माझं नाही. इतक्या नीट विचार करणाऱ्या मुलांनी नेमकी तीच चूक का करावी? आणि सगळ्यांनी एकसारखी?

सॉफ्टवेअर प्रत्येक सरावाची पायरीवार नोंद ठेवतं : कुणी किती वाजता काय उघडलं, कुठे मोजलं, काय बदललं. तोवर मी त्यातला फक्त शेवटचा गुणांचा रकाना बघून हजेरीच्या वहीत उतरवत होतो. आता बसून पायऱ्या वाचल्या, दोन रात्री. मुलांचा स्वभाव त्यात उघडा पडला होता. एक जोडी दर सरावात आधी सगळे फ्यूज एका टोकापासून तपासायची, फॉल्ट काहीही असो. एक मुलगा स्कॅनर लावून कोड वाचायचा आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तो तत्काळ बदलायचा. सोळा सरावांत त्यानं मीटरला हात लावला नव्हता आणि तरी त्याचे गुण बरे होते. तीन जोड्यांनी काही सराव चाळीस सेकंदांत सोडवले होते. चाळीस सेकंदांत चावी देऊन कोडही वाचून होत नाही. नंतर कळलं की व्हॉट्सॲपवर यादी फिरत होती : सात नंबर क्रँक सेन्सर, आठ नंबर इंजेक्टर दोन. चकाकणाऱ्या टेपेनं नवं रूप घेतलं होतं.

पण सगळ्यांत एक गोष्ट समान होती. व्होल्टेज मोजायच्या आधीची पायरी जवळजवळ नेहमी "कपलर काढा". कपलरवर राइट क्लिक केलं की तीन पर्याय यायचे. वरचा पर्याय कपलर काढा. लावलेल्या कपलरला मागून पिन घालून मोजायचा पर्याय तिसरा, आणि तो कुणी वापरलाच नव्हता. वापरायची गरजही नव्हती. तयार सरावांत वायर एकतर तुटलेली असायची किंवा कुठेतरी चिकटलेली. कपलर काढून मोजलं की तुटलेल्या वायरीवर शून्य, धड वायरीवर बारा. मधलं काही नव्हतंच. सिम्युलेटरनं मुलांना दोनच तऱ्हेच्या वायरी असलेल्या जगात महिनाभर ठेवलं, आणि त्या जगात त्यांची पद्धत शंभर टक्के बरोबर होती.

सॉफ्टवेअरला दोष देणारा अहवाल मी लिहायला घेतला होता. लिहिण्याआधी खात्री करावी म्हणून निदेशकासाठीचा भाग उघडला, जिथे स्वतःचे फॉल्ट घालता येतात. कुठल्याही वायरीवर क्लिक करा, पर्याय तीन : ओपन, शॉर्ट, आणि रेझिस्टन्स. तिसऱ्यापुढे ओहमचा आकडा टाकायला चौकट. ती पहिल्या दिवसापासून तिथे होती. प्रशिक्षणाला मला एक दिवस बोलावलं होतं आणि त्यात तयार सराव मुलांना कसे वाटून द्यायचे एवढंच दाखवलं होतं, हे खरं. पण त्या महिनाभरात मी ती चौकट एकदाही उघडली नाही, हेही तितकंच खरं. मुलांनी तिसरा पर्याय वापरला नाही आणि मीही नाही.

अहवाल फाडला. त्या रात्री नवे सराव केले. पंपाच्या अर्थमध्ये एक ओहम. हेडलाइटच्या अर्थमध्ये अर्धा. एका रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये दोन. सरावांचे नंबर दर जोडीला वेगळे लावले, म्हणजे व्हॉट्सॲपवाल्या यादीची रद्दी झाली. तयार सरावाला गुण सॉफ्टवेअर द्यायचं. इथे मी जाहीर केलं की गुण मी देणार आणि पायऱ्या वाचून देणार. पार्ट कुठला ते बरोबर आलं पण मोजलं नाही, तर शून्य.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता लॅबमध्ये जो गोंधळ झाला तसा मी कधी बघितला नाही. पंधरा मिनिटांत सगळ्यांचं काम संपलं आणि कुणालाच काही सापडलं नाही. सप्लाय बारा, अर्थला बझर वाजतो, पंप नवा टाकला, तरी प्रेशर खाली. "सर, सॉफ्टवेअर बिघडलंय." "सर, ह्यात फॉल्टच टाकलेला नाय." कुणी ईसीयू बदलला, कुणी एकेक करून सगळी गाडीच बदलली. घाटातली गाडी बघितलेली ही तीच मुलं, आठवडाही झाला नव्हता! काचेवरची बेरीज सगळ्यांनी वाचली होती, पण ती त्या गाडीची गोष्ट म्हणून. पडद्यासमोर बसल्यावर बोट सवयीनं वरच्या पर्यायावर गेलं.

मी काही सांगितलं नाही. सांगायचा मोह फार झाला. साडेतीनला वीज गेली, यूपीएसवर पडदे तेवढे उजळलेले, पंखे बंद. तेव्हा गॅरेजवाला मुलगा त्या मुलीच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. "पंप चालू ठेवून मोज की," तो म्हणाला. "कपलर काढलास तर पंप बंदच झाला ना, मग रडणार कसा?" तिनं राइट क्लिक केलं, तिसऱ्या पर्यायावर थोडी थांबली आणि दाबला. आकडा खाली आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, दोघं पडद्याकडेच बघत होती. मग तिनं प्लसची बाजू मोजली, मायनसची मोजली आणि वहीत तीन आकड्यांची बेरीज मांडली. चार वाजेपर्यंत ती बेरीज सगळ्या लॅबभर फिरली. या वेळी कॉपी झाली ती उत्तराची नव्हती, म्हणून मी अडवलं नाही.

त्यानंतर तिमाहीभर आम्ही एकच रीत ठेवली. सोमवार-मंगळवार पडद्यावर, बुधवारी तोच फॉल्ट लोखंडावर. पण लोखंड आणायचं कुठून? सरावाच्या गाडीत गंज पेरता येत नाही. पुरानंतर भंगारात गेलेल्या गाड्यांचं वायरिंग अजून मिळत होतं. एका भंगारवाल्याकडून किलोवर आणलं : गाळ भरलेले कपलर, बुरशी आलेले लग, आतून हिरव्या पडलेल्या वायरी. प्लायवूडच्या फळीवर बॅटरी, एक पंप, एक हेडलाइट, एक ब्लोअर मोटर बसवली आणि मधले सांधे सगळे पुरातले. मुलांनी त्याचं नाव पाडलं 'पुराचा बोर्ड'. पडद्यावर एक ओहम हा आकडा असतो. इथे तो हलवला की बदलतो, दाबला की कमी होतो, तापला की वाढतो, आणि पिन मागून घालताना हात थरथरला तर घसरून शेजारच्या पिनेला लागते आणि फ्यूज उडतो. फ्यूज आम्ही खोक्यानं आणले.

गॅरेजवाल्याचे गुण वाढले, पण त्याला पडदा कधीच आवडला नाही. मुलीचा उलटा प्रश्न होता. पहिले दोन बुधवार ती बोर्डापासून लांबच राहिली. पंप रडतो म्हणजे नक्की कसा, हे ऐकायला तिला त्याच्या शेजारी कान नेऊन चार वेळा उभं राहावं लागलं. ती आता एका डीलरच्या वर्कशॉपला अप्रेंटिस आहे. तिथले जुने मिस्त्री अवघड वायरिंगची डायग्राम वाचायला तिला हाक मारतात आणि लगोलग म्हणतात, बघ, पण हात आम्ही लावतो. त्यावर सिम्युलेटरकडे उपाय नाही.

परवाना मार्चअखेर संपला. नूतनीकरणाचा प्रस्ताव पाठवलाय, त्यात जोडीला एक मशीन याच हिशेबानं परवाने मागितलेत. जोडीनं बसवण्यात तोटा नाही, एकजण क्लिक करतो आणि दुसऱ्याला "का?" विचारता येतं. तोवर पुराचा बोर्ड आहे.

मागच्या आठवड्यात नव्या तुकडीला तो पहिल्यांदा दिला. हेडलाइट मिणमिणत होता. पुढे घुसणाऱ्या चारांपैकी एकानं मीटर उचलला, कपलर खसकन ओढून काढला, दोन्ही टोकं पिनांना लावली आणि माझ्याकडे बघून हसला. "सर, बारा आहे. बल्ब गेलाय."

"कपलर लाव परत," मी म्हटलं.